आई-बाबांचा एकदिवसीय वीकेंड

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून सटकण्याचे आपले छप्पन्न प्लॅन तयार असतात. आई-बाबांचं काय? त्यांना तर सातही दिवस सुट्टी! पण नीट बघा, रिटायर झालेल्या माणसाइतकं घरात अडकलेलं दुसरं कुणी नसतं.

माझे बाबा मुंबईतली नोकरी संपवून बोर्ली पंचतनच्या घरी राहायला गेले. पहिले सहा महिने नारळ, सुपारी आणि कौलं शाकारण्यात मस्त गेले. मग सुरू झालं ओटीवर बसणं, पेपर आणि रिमोट. 'कुठे जायचं? काम काय आहे?' हे ठरलेलं उत्तर. आणि आई? ती रिटायर झालीच नाही. उलट बाबा दिवसभर घरी म्हणजे चहाच्या फेऱ्या डबल!

त्यामुळे आमच्याकडे एक नियम झाला. महिन्यातून एक दिवस सकाळी निघायचं, रात्री झोपायला घरी. आणि हो, डबा आईने करायचा नाही. गंमत म्हणजे यासाठी लांब जावंच लागत नाही.

तिकीट नसलेलं म्युझियम

सुरुवात शेजारच्या दिवेआगरपासून. बीच सगळ्यांना माहीत असतो. पण रूपनारायण मंदिरातली विष्णूची मूर्ती निवांत पाहिलीत? भोवतीच्या प्रभावळीत दशावतार कोरलेत. एकेक अवतार ओळखायचा खेळ आईने लगेच जिंकला. याच गावात शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा मराठी ताम्रपट सापडला. आपण मेसेजमध्ये जी भाषा टाइप करतो, तिच्या अगदी जुन्या लिखित खुणांपैकी ही एक.

दुसरा दिवस कुडा लेण्यांचा. म्हसळ्यावरून मांदाडच्या बाजूला खाडीजवळच्या डोंगरात २६ बौद्ध लेणी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. इथले ब्राह्मी शिलालेख सांगतात, कोणतं लेणं कुणाच्या दानातून झालं. त्यात फक्त राजघराणी नाहीत. माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या सांभाळलेले बाबा म्हणाले, 'म्हणजे ही देणगीची पावतीच की!' त्या दिवशी रिमोटची आठवण कुणालाच झाली नाही.

शेकरूच्या गावाला

दिघीहून फेरीबोटीत गाडीसकट चढा आणि पलीकडे आगरदांड्याला उतरा. तिथून मुरूडकडून फणसाड अभयारण्य गाठता येतं. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान १९८६ साली अभयारण्य झालं. इथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशी नावं कानाला किती छान वाटतात! सकाळी लवकर पोचलात तर आपला राज्यप्राणी शेकरू दिसण्याचा चान्स जास्त. फक्त बडबड बंद ठेवायची. आमच्यात हे आईला सगळ्यात छान जमलं आणि शेकरूही पहिल्यांदा तिलाच दिसलं.

जंजिरा त्याच दिवशी कोंबू नका. होडीतून किल्ल्याच्या दारात उतरणं गुडघेदुखीवाल्यांना जड जातं. पावसाळ्यात तर किल्ला बंदच असतो.

कासवांचं माहेर

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेळासला जायलाच हवं. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, मग बाणकोटमार्गे वेळास. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली इथे कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं, आणि २००६ पासून कासव महोत्सव गाजू लागला. ऑलिव्ह रिडलेची मादी वाळूत शंभरेक अंडी घालून समुद्रात परत जाते. गावकरी ती अंडी कुंपणातल्या हॅचरीत नेऊन पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी तळहाताहून लहान पिल्लं बाहेर येतात. पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं! माद्या मोठ्या होऊन अंडी घालायला पुन्हा जन्मभूमीच्या किनारपट्टीकडे येतात. 'म्हणजे चाकरमानीच!' इति बाबा.

पक्षी आवडत असतील तर म्हसळा तालुक्यातल्या चिरगावची गिधाडं लक्षात ठेवा. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे देशभर गिधाडं झपाट्याने संपत गेली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. अशा काळात कोकणातल्या ज्या मोजक्या जागी ती टिकली, त्यातली ही एक.

निघण्यापूर्वी

* एका दिवसात एकच मोठी जागा. दुपारी दोन तास आराम मस्ट.
* गोळ्या, पाणी, टोपी आणि घट्ट पकडीच्या चपला आधी, कॅमेरा नंतर.
* परतीच्या शेवटच्या फेरीबोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा.
* एसटीत ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट, ७५ नंतर फुकट. मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांनाही निम्मं. ओळखपत्र सोबत हवं.
* वाटेतल्या खानावळीत आधी फोन करून जेवण सांगून ठेवा. आईला सुट्टी म्हणजे सुट्टी!

आता बाबा स्वतःच कॅलेंडरवर तारखेला गोल करतात आणि मला फोनवर विचारतात, 'रजा टाकलीस का?' आई-बाबांना महागडा फोन घेऊन देणं सोपं आहे. त्यांचे गुडघे साथ देताहेत, तोवर महिन्याचा एक दिवस काढणं जास्त गरजेचं. या शनिवारी मॉलचा प्लॅन कॅन्सल करून बघा.