सशापासून बारा फुटांवर

पीटर दोन वर्षं दहा महिन्यांचा होता. एरवी खेळकर, पण पांढरा उंदीर समोर आणला तेव्हा तो किंचाळत उताणा पडला. भीती उंदरापुरती नव्हती. ससा, फरचा कोट, पिसं, कापूस, मऊ आणि लवदार असं काहीच त्याला सोसत नसे. लाकडी ठोकळ्यांशी मात्र तो मजेत खेळे. सर्वांत मोठा धसका सशाचा, म्हणून उपचारासाठी ससाच निवडला गेला.

उपचार करणाऱ्या मेरी कव्हर जोन्स न्यूयॉर्कमध्ये संशोधन करत होत्या. 1920 साली जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवून त्याच वेळी मागे पोलादी दांड्यावर हातोडा मारला होता आणि उंदराची भीती मुद्दाम त्याच्या मनात बसवली होती. जोन्स यांनी उलटा प्रश्न घेतला : बसलेली भीती काढता येईल का? पीटरची हकिकत त्यांनी 1924 मध्ये छापली. वॉटसन त्यांचे सल्लागार होते.

पहिली रीत सोबतीची. सशाला न भिणारी तीन मुलं रोज पीटरबरोबर खेळायला आणत. त्याच खोलीत ससाही असे. जोन्स यांनी पीटरच्या प्रगतीच्या सतरा पायऱ्या नोंदल्या. पहिल्या पायरीवर पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठंही दिसला तरी भीती. दुसरीवर पीटरला ससा बारा फुटांवर चालला. मग चार फूट, तीन फूट, अगदी जवळ. पुढे ससा खोलीत मोकळा सुटला. मधल्या एका पायरीवर पीटर सशावर थुंकला, त्याच्या अंगावर वस्तू फेकल्या, त्याची नक्कल केली. एखाद्यानं लगेच दटावलं असतं. जोन्स यांनी ती प्रगती धरली, कारण पळणारं मूल आता उलटून उभं राहिलं होतं.

मग घात झाला. पीटरला स्कार्लेट फीवर झाला आणि उपचार दोन महिने थांबले. दवाखान्यातून निघताना टॅक्सीत चढतेवेळी एक मोठा कुत्रा त्याच्या आणि नर्सच्या अंगावर धावून आला. नर्सही घाबरली. परतलेला पीटर पुन्हा खालच्या पायरीवर होता.

आता दुसरी रीत. पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायचा आणि तो खात असताना पिंजरा आत आणायचा. किती जवळ? घास थांबणार नाही इतकाच. सारा उपचार या अंतरात आहे. ससा दूर असताना खाण्याचा आनंद भीतीपेक्षा मोठा असतो, म्हणून तो सशाला चिकटतो. घाई करून पिंजरा एकदम जवळ आणला, तर भीतीच खाण्याला चिकटेल आणि मूल खाऊलाही भिऊ लागेल. हा धोका जोन्स यांनी स्पष्ट लिहून ठेवला.

1924 मधल्याच दुसऱ्या लेखात त्यांनी इतर उपायही पारखले. समजूत घालणं, चिडवणं, भीतीची वस्तू नुसती दूर ठेवणं, यांवर भरवसा ठेवता आला नाही. निर्विवाद यश दोनच उपायांना मिळालं. एक, आवडीच्या गोष्टीशी जोड. दुसरा, न भिणाऱ्या मुलांची संगत. पुढे मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी जोन्स यांना वर्तनोपचाराची आई म्हटलं.

शेवटच्या पायरीवर पीटरनं सशाला आपली बोटं कुरतडू दिली. कापूस, कोट, पिसं यांची भीतीही मावळली. पण तो परतला त्या घरी आई त्याला आत बोलावण्यासाठी कुणीतरी पळवून नेईल अशी धमकी द्यायची. आपल्याकडे हेच काम बागुलबुवा करतो. प्रयोगशाळेत पिंजरा हळूहळू पुढे सरकला. बागुलबुवाला आपण थेट उंबऱ्यावर उभा करतो, तोही बऱ्याचदा जेवणाच्या वेळी, एवढा घास संपव म्हणून.