कन्सोलची ऊब आणि सॉफ्टवेअरची बेरीज

काही दिवसांपूर्वी आतेभावाचा फोन आला. "ताई, कर्ज काढू का?"

तो सांगलीत घरच्याच एका खोलीत भजनं, अभंग रेकॉर्ड करतो. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की सॉफ्टवेअरमध्ये मिक्स केलेलं गाणं 'चपटं' वाटतं, ऊब हवी तर अ‍ॅनालॉग कन्सोलच हवा. एक जुना कन्सोल विकायला होता आणि आत्याची एफडी तारण ठेवायची तयारी झाली होती. माझं पीएचडीचं काम सर्किटमधल्या नॉइजवर आहे, म्हणून निकाल मी द्यायचा!

तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल, तर आधी मिक्सिंग म्हणजे काय ते बघू. प्रत्येक ट्रॅकला एका आकड्याने गुणायचं (तोच फेडर) आणि सगळ्यांची बेरीज करायची. बाकी इक्यू, रिव्हर्ब वगैरे नंतरचं. वाद खरं तर या बेरजेचा आहे.

सॉफ्टवेअर ही बेरीज सहसा ३२ बिट फ्लोटमध्ये करतं, बऱ्याचदा ६४ बिटमध्येही. ३२ बिटमध्ये एका बेरजेतली चूक जास्तीत जास्त १ कोटी ६७ लाखांत एक भाग, म्हणजे मूळ आवाजाच्या साधारण १४४ डेसिबल खाली. गाणं १०० डेसिबलवर दणक्यात वाजवलं तरी ही चूक ऐकू येण्याच्या उंबरठ्याच्या ४४ डेसिबल खाली राहते. शंभर ट्रॅक धरले तर चुका साठून साधारण २० डेसिबलने वाढतील. तरीही ऐकू येणार नाहीत. तक्रार अगदीच निराधार मात्र नव्हती. सुरुवातीच्या काही डिजिटल सिस्टिम्स फिक्स्ड-पॉइंट गणित करायच्या. तिथे बेरीज मर्यादेबाहेर गेली की आवाज फाटायचा, आणि नीट न छाटलेले बिट्स हळू आवाजात खरखर आणायचे. तंत्र सुधारलं, पण समज तशीच राहिली.

आता कन्सोल. तिथे प्रत्येक चॅनेलचा सिग्नल रोधातून जाऊन एका अ‍ॅम्प्लिफायरपाशी एकत्र येतो. रोधात इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत थरथरत असतात, त्यातून येणारा नॉइज बेल लॅब्समध्ये जॉन्सनने मोजला आणि नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं. दोघांचे पेपर १९२८ साली आले. सारखाच नॉइज असलेले १६ चॅनेल जोडले की एकूण नॉइज १२ डेसिबलने वाढतो. म्हणजे निव्वळ बेरीज म्हणून बघितलं तर कन्सोल सॉफ्टवेअरपेक्षा कच्चाच ठरतो.

मग लोकांना ती ऊब ऐकू येते ती काय उगाच? नाही. कन्सोलमधले ट्रान्सफॉर्मर आणि अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण सरळ वागत नाहीत, सिग्नल मोठा झाला की किंचित वाकतात. तानपुऱ्याच्या सा-प चं उदाहरण घ्या: सोयीसाठी २०० आणि ३०० हर्ट्झ. सर्किट थोडं 'वर्गाच्या' अंगाने वाकलं, तर ४०० आणि ६०० हर्ट्झ तयार होतात, शिवाय बेरीज ५०० आणि वजाबाकी १००. म्हणजे तार सा, तार प, मधला शुद्ध ग आणि खालचा सा! सगळे सुरात. कानाला ते भरलेलं वाटलं तर नवल नाही. पण सा सोबत कोमल रे, म्हणजे २०० आणि २१३ घेतले, तर वजाबाकी येते १३ हर्ट्झ, ज्याचा सुराशी काही संबंध नाही. तीच ऊब तिथे गढूळपणा होते.

हे वाकणं सॉफ्टवेअरमध्येही आणता येतं, सॅच्युरेशन प्लगइनने. एक खोच आहे. ४४,१०० च्या सॅम्पलिंगमध्ये २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. ९,००० हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक २७,००० वर जायला हवा, तो दुमडून १७,१०० वर उतरतो, आणि तो सुरात नसतो. चांगली प्लगइन्स ओव्हरसॅम्पलिंग करून हे बरंचसं टाळतात.

एवढं फोनवर सांगितलं तर भाऊ म्हणाला, "गणित ठीक आहे गं, पण मला ऐकू येतं त्याचं काय?" मुद्दा बरोबर होता. म्हणून ओळखीच्या एका स्टुडिओत एकच अभंग दोन्हीकडून काढला, फेडर सारखे ठेवून. पहिल्याच ऐकण्यात तो म्हणाला, कन्सोल. मी मोजलं, तर कन्सोलची फाइल ०.८ डेसिबल मोठी होती. एवढासा मोठा आवाज आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. पातळी जुळवली आणि कुठली फाइल आहे ते न सांगता १६ वेळा वाजवली. त्याने ९ बरोबर ओळखल्या. नाणं उडवून १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते, म्हणून १२ आले असते तर मी मानलं असतं. नऊ म्हणजे नाणंच.

तो गप्प झाला. मग आम्ही कन्सोलचा इनपुट मुद्दाम चढवला, पातळी पुन्हा जुळवली. आता त्याने १५ ओळखल्या! पेटीचा आवाज खरंच जाड झाला होता. म्हणजे कन्सोलचा रंग खरा आहे, पण तो बेरजेतून येत नाही, सर्किटला दाबण्यातून येतो. कन्सोल आवडतो, फेडरवर हात ठेवून काम पटापट होतं, म्हणून जरूर घ्या. 'सॉफ्टवेअरला बेरीज येत नाही' म्हणून घेऊ नका.

तुम्हीही पैसे घालण्याआधी हेच करा: पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवा, फाइल वाजवायचं काम मित्राला द्या, १६ वेळा ऐका.

आत्याची एफडी शाबूत आहे. भावाच्या दहा फुटी खोलीत साधारण ५६ हर्ट्झचा बास एका जागी घुमतो, दुसऱ्या जागी गायब होतो. तिथे कानालाच खरं कळत नाही, तर मिक्स कसा करणार? सध्या तो कोपऱ्यांत रॉकवुलचे जाड पॅनेल बसवतोय. आत्याचं म्हणणं, त्यापेक्षा गादी उभी करून ठेव. तिचं अगदीच चुकीचं नाही.