कर्ण्यातली भुणभुण : दोष कोठे शोधावा?

मित्रहो, आम्ही काही विद्युत्‌शास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि गाडीखाली पाठीवर निजून झाले. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते ठेच लागून शिकलेले आहे.

आमच्या युनियनची एक जुनी डिझेल जीप आहे. वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांसमोर सभेची दवंडी द्यायची, तर तिच्यावरच्या कर्ण्यातून. एका पावसाळ्यानंतर इंजिन चालू होताच कर्ण्यात 'सूं' असा आवाज घुमू लागला. सभेची वेळ कोणाला कळेना. दुकानदाराने कर्णा बदलवला, मग ॲम्प्लिफायरही बदलवला. वर्गणीतून जमलेले पैसे गेले आणि आवाज होता तिथेच राहिला!

आवाज कर्ण्यातून येतो, म्हणून दोष कर्ण्याचा, हे अनुमानच चुकीचे. कर्णा बिचारा शेवटचा कामगार. वरून जे येईल ते तो बाहेर टाकतो.

मग हा सूर येतो कोठून? गाडीतला अल्टरनेटर मुळात उलटसुलट वाहणारी वीज निर्माण करतो. त्यातले डायोड तिला एका दिशेस वळवतात, पण ती बॅटरीच्या विजेसारखी सपाट होत नाही. तिच्यावर बारीक लाटा राहतात. इंजिनाचा वेग वाढला की सूर चढतो, तो यामुळे.

या लाटा गाण्यात शिरतात त्या बहुधा 'अर्थ'मधून. गाडीत विजेची परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. सेटचा अर्थ पुढे, ॲम्प्लिफायरचा मागे. मधल्या गंजलेल्या सांध्याचा विरोध ०.०२ ओहम धरा आणि त्यातून २० अँपिअर वीज जात आहे असे समजा. दोन टोकांत ०.४ व्होल्टचा फरक पडला. गाण्याचा संकेतच मुळी एक-दोन व्होल्टचा! मग ही चोरटी वीज संकेताच्या तारेतून वाट काढते. आपल्या वसईच्या खाऱ्या हवेत गंजाला काय तोटा?

आता तपासाचा क्रम सांगतो. इंजिन बंद ठेवून सेट लावा. तरीही सळसळ येत असेल तर दोष यंत्रातच आहे, किंवा ॲम्प्लिफायरचा 'गेन' फाजील चढवलेला आहे. इंजिनाबरोबर सूर चढला तर वर सांगितलेले कारण. पेट्रोलच्या गाडीत वेगाबरोबर टिकटिक वाढली तर स्पार्क प्लग व त्याच्या तारा पाहा; डिझेलला ठिणगीच नाही, तेव्हा तो संशय सोडा. वायपर लावताच खरखर झाली तर वायपरची मोटर. मोबाइल चार्जरवरून काढताच शांतता झाली तर चार्जर.

पुढे, यंत्र बंद करून ॲम्प्लिफायरच्या संकेताच्या तारा काढा व पुन्हा चालू करा. आवाज गेला तर ॲम्प्लिफायर आणि कर्णा निर्दोष, दोष अलीकडे. राहिला तर त्याची वीज व अर्थ तपासा.

आमच्या जीपमध्ये तारा काढताच शांतता पसरली. ॲम्प्लिफायरचा अर्थ रंगावरच, गंजक्या स्क्रूला बांधलेला होता. बॅटरीची ऋण तार सोडून आम्ही जागा काचपेपरने चकचकीत घासली, जाड व आखूड तार घट्ट आवळली, वर ग्रीस लावले. संकेताची तार बॅटरीच्या तारेशेजारून गेलेली होती, ती गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. तारेचे चार पैसे आणि अर्धा तास, एवढाच खर्च! फिल्टर हा अगदी शेवटचा उपाय. तो दोष झाकतो, काढत नाही. आणि सूर अचानक वाढला तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेला असेल, तोही पाहून घ्यावा. नाहीतर गाडी रात्री महामार्गावर उभी राहील.

चाळीस वर्षे आम्ही एक गोष्ट पाहत आलो. गडबड ऐकू आली की ती जिच्या तोंडून आली त्यालाच बदलण्याची घाई होते. मित्रहो, आधी तार धरून मागे मागे जावे. दोष बहुधा रंगाखाली दडलेल्या एखाद्या गंजक्या सांध्यात सापडतो.