नो-क्लेमवर सही करण्याआधी

बैतूल-छिंदवाड्याकडचं रस्त्याचं काम घेतलेला नागपूर-अमरावतीचा ठेकेदार भोपाळला आला, की ओळखीपाळखीतून साकेत नगरात माझ्याकडे येतो. माझी सगळी नोकरी सरकारी कामांच्या साइटवर झाली, त्यामुळे कागद पाहिले की वाद कुठे अडणार याचा अंदाज येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “काका, लवाद कोण नेमणार?”

महाराष्ट्रात हा प्रश्न बरोबर आहे. करारात लवादाचं कलम असलं, की 1996 च्या लवाद कायद्याने पुढची वाट ठरते. मध्य प्रदेशात तसं नाही. काम राज्य सरकारचं किंवा राज्याच्या उपक्रमाचं असेल आणि मागणी 50,000 रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर वाद भोपाळच्या मध्यस्थम् अधिकरणापुढेच न्यावा लागतो, मग करारात लवादाचं कलम असो वा नसो. तसा 1983 चा राज्याचा कायदाच आहे. ठेका रद्द झाल्यानंतरचं भांडणही इथेच यायचं का, यावर बरीच वर्षं खल चालला. ग्रामीण रस्ते विकास प्राधिकरण विरुद्ध एल. जी. चौधरी इंजिनिअर्स या खटल्यात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं जुळली नाहीत. 2018 मध्ये तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला, इथेच यायचं. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग अशी केंद्राची कामं यातून बाहेर.

अधिकरणाकडे जाण्याआधी करारात नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मागणी लेखी द्यावी लागते. त्याने निर्णय कळवला, की तिथून एक वर्ष. तो सहा महिने गप्प बसला, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. भली भली माणसं इथे अडकतात. साहेबांशी बोलणं चालू आहे, बिल निघेल, या आशेवर थांबतात. बोलण्याने मुदत थांबत नाही.

उशीर का झाला, हा तर प्रत्येक वादाचा गाभा. विजेचे खांब हलवले नाहीत, वनखात्याची परवानगी आली नाही, जागा तुकड्यातुकड्यांनी ताब्यात मिळाली. यातल्या प्रत्येक अडचणीचं पत्र त्याच आठवड्यात जायला हवं, पोचेवर शिक्का हवा, अडथळ्यांच्या नोंदवहीत नोंद हवी. मोबाइलमध्ये फोटो सगळ्यांकडे असतात. खात्याला तेव्हाच कळवलं होतं, हे फोटोतून सिद्ध होत नाही.

मला खरा संताप येतो तो शेवटच्या बिलाच्या वेळी. अडकलेले पैसे हवे असतील तर ‘आता आमची काही मागणी नाही’ असं लिहून द्या, म्हणतात. मजुरांची आणि सिमेंटवाल्याची देणी डोक्यावर असलेला माणूस सही करून मोकळा होतो. हा सरळ अन्याय आहे. 2008 च्या बोघारा पॉलिफॅब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जबरदस्तीने घेतलेल्या अशा सहीने मागणी बुडत नाही. तो खटला विम्याचा होता, पण तत्त्व ठेक्यालाही लागतं. मात्र जबरदस्ती झाली एवढं नुसतं म्हणून भागत नाही, ती कागदावरून दिसावी लागते. म्हणून मी दोन पत्रं लिहायला लावतो. एक सहीच्या आधी, उरलेल्या मागण्या आकड्यांसह मांडणारं. दुसरं पैसे खात्यात पडले त्याच दिवशी: सही का करावी लागली, कोणतं बिल कधीपासून अडवलं होतं आणि ते सोडायला कोणती अट घातली.