अंगावर पांढरा चट्टा उठलाय? आधी तिथं स्पर्श कळतो का बघा

पांढरा डाग दिसला की गावात पहिला शब्द निघतो ‘कोड’, आणि घरच्यांना लग्नाची काळजी लागते. पण प्रत्येक डाग कोड नसतो. छाती, पाठ, मानेवरचे, खरवडल्यावर बारीक कोंडा पडणारे डाग बहुतेकदा शिबं असतात. ती बुरशी औषधाने जाते. रंग परतायला मात्र काही महिने लागतात. लहान मुलांच्या गालावरचे फिकट, कोरडे चट्टे लोक उगाच जंतांवर ढकलतात. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, कधी त्यावरचे केसही पांढरे. तो हात लावल्याने पसरत नाही.

खरं लक्ष द्यायचं ते फिकट किंवा लालसर, बधिर चट्ट्याकडे. डोळे मिटून त्यावर कापूस हलकेच टेकवून घ्या. कळलं नाही, तर कुष्ठरोगाची शंका असते. हा चट्टा दुखत नाही, सहसा खाजतही नाही, म्हणूनच अंगावर काढला जातो. बोटं वाकडी झाल्यावर दवाखाना आठवतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. प्रकारानुसार 6 किंवा 12 महिन्यांचा कोर्स असतो. आधी आशाताईंना दाखवलं तरी चालतं. स्पर्श कळत असला, तरी वाढत जाणारा डाग डॉक्टरांना दाखवावाच.