सिव्हिलच्या बालरोग विभागात बाळाला कोण बघतं?

‘सिव्हिलला नको, तिथं शिकाऊ डॉक्टर असतात.’ सोलापुरात मूल जास्त आजारी पडलं की घरातलं कोणीतरी हे म्हणतंच. सिव्हिल म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय, म्हणजे इथं डॉक्टर शिकतात हे खरंच आहे. पण रात्री दोन वाजता तुमच्या मुलाला सलाईन लावणारा निवासी डॉक्टर साडेचार वर्षांचा एमबीबीएस आणि वर्षाची इंटर्नशिप पूर्ण करून, नोंदणी घेऊन, मग बालरोगाच्या तीन वर्षांच्या एमडीला आलेला असतो. त्याला अर्धवट म्हणणं अन्यायाचं आहे.

‘मोठे डॉक्टर फिरकत नाहीत’ हा दुसरा समज. शिकवणाऱ्या रुग्णालयात काम युनिटप्रमाणे चालतं. प्रत्येक मूल एका युनिटच्या नावावर दाखल होतं आणि त्याची जबाबदारी अनुभवी प्राध्यापक असलेल्या युनिटप्रमुखांची असते. राउंडला एकाच मुलाची तपासणी दोघं-तिघं करतात. पालकांना त्याचा त्रास वाटतो, पण एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं ते त्यामुळेच.

हा विभाग सोलापूर विद्यापीठाचा आहे, असंही पुष्कळांना वाटतं. इथल्या पदव्या नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं.

सगळ्यात जास्त गैरसमज सिस्टरांबद्दल आहे. ‘त्या काय, सुया टोचतात.’ दीड किलोच्या बाळाला प्रत्येक औषध वजनावर मोजून द्यावं लागतं, दूधसुद्धा नळीतून मोजून जातं. बाळाचा श्वास मंदावला, रंग बदलला, तर ते आधी सिस्टरच्या लक्षात येतं, कारण बाळाजवळ सतत तीच असते. नवजात बाळाच्या काविळीवर निळ्या प्रकाशाचा जो उपचार आज जगभर होतो, त्याची सुरुवातही एका सिस्टरच्या नजरेतून झाली. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड या सिस्टर बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाची कातडी उन्हानं फिकी झाली, पण चादरीखाली झाकलेला तुकडा पिवळाच राहिला. त्यांनी तो डॉक्टरांना दाखवला, आणि १९५८ साली तिथल्या डॉक्टरांनी प्रकाशाच्या उपचारावर निबंध प्रसिद्ध केला. म्हणून घरी उन्हात धरून कावीळ घालवायला मात्र जाऊ नका. कावीळ किती आहे हे तपासणीतूनच कळतं, आणि ती फार वाढली तर मेंदूला इजा होते.

‘पेटीत ठेवलं म्हणजे बाळ काही राहत नाही’ ही भीतीही निराधार आहे. पेटी मुख्यतः ऊब देते. तीच ऊब आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून मिळते, आणि कमी वजनाच्या बाळांसाठी हे जन्मानंतर लगेच सुरू करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे बाळाला जपण्यात आईचाही वाटा आहे.

‘आमच्या लेकरावर प्रयोग करतील’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: कोणत्याही संशोधनाला नैतिकता समितीची परवानगी आणि पालकांची लेखी संमती लागते. नाही म्हटलं म्हणून उपचार थांबवता येत नाहीत.

सिव्हिलला जाताना लसीकरणाचं कार्ड, जन्माच्या वजनाची नोंद आणि आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. मूल कोणत्या युनिटमध्ये आहे ते विचारून घ्या, आणि सिस्टर काही सांगत असतील तर नीट ऐका.