भुताटकीच्या पबांची फेरी

इंग्लंडांतील ‘पब’ म्हणजे गुत्ता नव्हे. गुत्त्यांत मनुष्य इकडेतिकडे पाहून चोरपावलांनीं शिरतो. पबांत तो मित्रांसह उघडपणें जातो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची विचारपूस करीत बसतो. एका संध्याकाळीं असे चार-पांच पब ओळीनें घ्यावयाचे, प्रत्येक ठिकाणीं एकेक पेला रिचवावयाचा आणि दर खेपेस एकानें सर्वांचे पैसे भरावयाचे, ही तेथील मित्रमंडळींची जुनी हौस आहे. तींत भुतांची भर पडली म्हणजे फेरीस निराळाच रंग चढतो. अशा फेरीस यॉर्कइतकें सोईचें शहर क्वचितच सांपडेल.

रोमन सैन्यानें इ. स. ७१ च्या सुमारास वसविलेल्या या शहराचा मध्ययुगीन तट बराचसा अद्याप उभा आहे. कांहीं गल्ल्या इतक्या अरुंद आहेत कीं, दोन्ही बाजूंचे वरचे मजले एकमेकांच्या कानांत कुजबुजत असावेत असें वाटतें. भुतांच्या जागा दाखवीत लोकांस हिंडविण्याचा प्रघात येथें १९७३ सालीं पडला. ती पहिली फेरी ऊझ नदीच्या कांठच्या ‘किंग्ज आर्म्स’ या पबच्या दारापासून निघत आली आहे. नदीस मोठा पूर आला कीं या पबांत पाणी शिरतें. पुरांच्या पातळ्या आंत नोंदून ठेवलेल्या आहेत. ज्या घराचें हें नेहमींचें दुखणें, त्यास भूत म्हणजे एक भाडेकरू जास्त, इतकेंच!

‘गोल्डन फ्लीस’ हा पब भुतांच्या बाबतींत सर्वांत श्रीमंत समजला जातो. एका जुन्या महापौराची पत्नी लेडी पेकेट रात्रीं तेथील जिन्यांवर वावरते, अशी आख्यायिका आहे. घर जुनें, जमीन तिरपी. डोळा एक सांगतो, पाय दुसरेंच सांगतो, आणि मन बेचैन होण्यास तेवढें पुरतें. रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं एडिंबरोच्या जुन्या तळघरांत अनेकांना उभें करून पाहिलें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनांत असें दिसलें कीं, विचित्र अनुभव कांहीं ठराविक खोल्यांतच अधिक येतात, आणि त्यांचा संबंध उजेडाशीं व खोलीच्या आकाराशीं लागतो. चौथ्या पेल्याचा हिशेब त्यांत अर्थातच धरलेला नव्हता.

सोबतीचाही भाग मोठा आहे. एकटा मनुष्य भितो आणि गप्प बसतो. मंडळींत एकजण दचकला कीं सर्वांस थंड वारा लागतो. दुसऱ्या पबांत पोंचेपर्यंत त्या वाऱ्याची सावली झालेली असते, आणि तिसऱ्यांत तिला टोपीही चढते.

परंतु या करमणुकीच्या अगदीं शेजारीं एक मरण आहे, तें रचलेलें नाहीं. ‘किंग्ज आर्म्स’ला लागूनच ऊझ नदीचा पूल आहे. तेथील जुन्या पुलावरच्या सरकारी इमारतींत २५ मार्च १५८६ रोजीं मार्गारेट क्लिदरो या खाटकाच्या पत्नीस ठार मारण्यांत आलें. कॅथलिक धर्मगुरूंना घरांत आसरा दिल्याचा तिच्यावर आरोप होता. गुन्हा कबूल कीं नाकबूल, हें सांगण्याचेंच तिनें नाकारलें. तसें सांगितल्यावांचून खटला उभा राहात नसे, आणि खटला उभा राहिला तर पोटच्या मुलांना साक्षीस ओढलें जाईल, ही तिला धास्ती होती. न बोलणाऱ्या आरोपीस त्या वेळच्या कायद्यांत एकच शिक्षा होती. तिला उताणें निजवून अंगावर दार ठेवण्यांत आलें, आणि त्यावर जड दगड रचण्यांत आले. पाव तासांत सर्व संपलें.

चांगला वाटाड्या या जागीं आवाज चढवीत नाहीं. घटना आणि तारीख सांगतो व पुढें चालूं लागतो. लेडी पेकेटच्या पायऱ्यांवर हंसणारी मंडळी येथें पेल्याची चौकशी करीत नाहींत. रोमनें मार्गारेटला १९७० सालीं संतपद दिलें. तिचा म्हणून जतन केलेला एक हात यॉर्कच्याच ‘बार कॉन्व्हेंट’ या मठांत आहे. तो पाहावयाचा तर मात्र दिवसा जावें लागतें.